दोन ट्रान्सफॉर्मर आणि एक स्विच

फळी दादांच्या स्वयंपाकघरातली. नवीन ओटा बसवताना जुन्या कपाटाचं दार निघालं, ते गॅरेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवलं होतं. मी विचारलं, घेऊ का? दादा म्हणाले, अरे विचारतोस काय, घे. पण मी तिथे प्रत्येक गोष्ट विचारूनच घ्यायचो. हीटर लावू का, हा खिळा घेऊ का, आंघोळीला जाऊ का. त्यांच्या आई वैतागायच्या. म्हणायच्या, "श्वास घेतानाही विचारतोस की काय रे?"

त्या दारावर मी ट्रान्सफॉर्मर तपासायचा संच मांडला. आजही कोणी विचारलं की न्यूझीलंडला जाऊन काय केलंस, तर पहिलं ते दार डोळ्यांसमोर येतं. पांढरा सनमायका, कोपऱ्यात हळदीचा जुना डाग, आणि मधोमध मी बसवलेला काळा गोल स्विच.

हे सगळं लोअर हटमधलं, दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. दादा म्हणजे माझे सख्खे भाऊ नव्हेत. पुण्याचे इंजिनिअर, वेलिंग्टनला नोकरी. रोज सकाळी ट्रेनने जायचे, संध्याकाळी यायचे. शनिवार-रविवार गॅरेजमध्ये व्हॉल्व्हचे, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचे, अ‍ॅम्प्लिफायर बनवायचे. आधी हौस होती, मग ऑकलंडहून, ऑस्ट्रेलियातून लोक मागायला लागले. मी त्यांना साहेब म्हणायला लागलो तर आईंनीच अडवलं, "साहेब कसला, दादा म्हण." त्या दिवसापासून ते दादा. गॅरेजला लागून एक खोली होती, ती माझी. वहिनींची नोकरी पाळ्यांची, त्यामुळे घरात बहुतेक वेळ आई आणि मीच. आई पुण्याहून मुलाकडे आलेल्या, व्हिसा असेल तोवर राहायच्या, मग परत जायच्या, मग परत यायच्या.

मी नववीत शाळा सोडली. बुधवार पेठेत रेडिओच्या दुकानांमागे एक बोळ होता, तिथे एका उस्तादांकडे ट्रान्सफॉर्मर भरायला लागलो. आमच्यात ट्रान्सफॉर्मर बनवत नाहीत, भरतात. बॉबिनवर, म्हणजे रिळावर, तांब्याची बारीक तार वेढ्याला वेढा लावून घ्यायची, थर झाला की कागद, परत थर, परत कागद. मग पत्र्याचं स्टॅम्पिंग घालायचं आणि वार्निशमध्ये बुडवायचं. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शेवटी असा एक ट्रान्सफॉर्मर असतो. आवाज त्यातून गेल्याशिवाय स्पीकरला पोचत नाही. तो वाईट भरलेला असला की ढोलकीचा धुम पोकळ होतो आणि झांजेची कड मरते. चांगला असेल तर तो आहे हेच कळत नाही.

सगळी गंमत थरांच्या क्रमात असते. आत येणाऱ्या बाजूचे काही वेढे, त्यावर बाहेर जाणाऱ्या बाजूचे, परत आतले. कुठे एक कागद, कुठे दोन. हा क्रम ज्याचा त्याचा. दुकानात बाहेरचं कोणी आलं की उस्ताद बॉबिनवर फडकं टाकायचे. गिऱ्हाईक असो, व्यापारी असो, जावई असो. बोलणं चालू ठेवायचे, चहा पाजायचे, पण फडकं आधी. मी त्यांच्याकडे कितीतरी दिवस नुसता कागद कापला, तेव्हा कुठे माझ्यासमोरचं फडकं निघालं.

आणि एक त्यांची खोड होती. तारेच्या सुरुवातीच्या टोकाला ते लाल सुती दोरा बांधायचे, दुहेरी गाठीने. सुरुवात कुठली आणि शेवट कुठला हे कळायला बाहेरून रंगीत वायर जोडतातच, त्यामुळे आतल्या दोऱ्याचा उपयोग काही नाही. तो सगळ्या थरांखाली दडून जायचा. मी विचारलं तर म्हणाले, माझ्या उस्तादांनी बांधला म्हणून मी बांधतो, तू पण बांध. मी बांधत आलो.

दादा कॉलेजात असताना त्या दुकानात यायचे. बऱ्याच वर्षांनी माणूस शोधत आले तेव्हा उस्ताद गेले होते, दुकानात मोबाइल विकायला लागले होते, आणि मी भोसरीत विजेच्या मोटारी भरत होतो. ते माझ्या घरी आले. पत्र्याच्या खोलीत खाटेवर बसून त्यांनी बायकोला समजावून सांगितलं की याला मी नेतो, कागदपत्रं मी बघतो, काळजी करू नका. बायकोने त्यांना पोहे दिले आणि पदराने डोळे पुसले.

परमिट त्यांच्या कामावर मिळालेलं होतं. म्हणजे मी त्यांच्याकडे काम करतो तोवरच मी त्या देशात. ते एकदा वाढवून घ्यायचं आणि वाढलं की बायको-मुलीला बोलवायचं, असं ठरलं होतं. वाढवायला दादांनी लिहून द्यायला हवं होतं की असं भरणारा माणूस इथे दुसरा नाही. मी दर रविवारी घरी फोन करायचो, मुलगी विचारायची, पप्पा, कधी? मी म्हणायचो, दादांनी सांगितलं की. दादांच्या तोंडाकडे बघून दिवस ढकलणं हे माझं खरं काम, ट्रान्सफॉर्मर त्याच्यानंतर.

पण उपकार खोटे नव्हते, हेही सांगायला हवं. विमानतळावर मी पातळ स्वेटर घालून उतरलो, दक्षिणेचा वारा असा की उभं राहता येईना, तर दादांनी अंगातलं जॅकेट काढून मला घातलं आणि स्वतः शर्टावर गाडीपर्यंत गेले. मला ताप आला तेव्हा आईंनी लसणाची फोडणी घालून पेज दिली, दाराशी खुर्ची टाकून बसल्या. जॉन्सनव्हिलच्या हॉलमध्ये आपल्या लोकांचा गणपती असायचा, तिथे दादा मला घेऊन जायचे आणि मोठमोठ्या कंपन्यांतल्या लोकांना सांगायचे, हा माझा उजवा हात. ते लोक माझ्याशी हात मिळवायचे. माझ्याशी असा हात कोणी मिळवला नव्हता.

म्हणून एका शनिवारी दादा स्टूल ओढून माझ्या यंत्राशेजारी बसले आणि म्हणाले, तुझा थरांचा क्रम समजावून सांग की, तेव्हा फडकं माझ्या हाताशीच होतं आणि मी ते टाकलं नाही. ज्याचं जॅकेट अंगात आहे त्याच्यासमोर फडकं कसं टाकणार? मी सगळं सांगितलं. दोन कागद कुठे येतात तेही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते म्हणाले, आपल्याला एक साधा संच हवा. दोन ट्रान्सफॉर्मर शेजारी ठेवून बघता आलं पाहिजे, कुठला चांगला. आपला माल जगात कुठे बसतो ते तरी कळेल.

मला ते फार आवडलं. उस्तादांकडे तपासणी म्हणजे कानाने. दादांनी एका कॉलेजातून मोडीत काढलेला ऑसिलोस्कोप आणला, हिरव्या पडद्याचा, चालू केला की तापून गरम धुळीचा वास सोडणारा. सूर काढणारा एक जनरेटर त्यांच्याकडे होताच. बाकीचं मी जमवलं. स्पीकरच्या जागी एक जाडजूड रेझिस्टर, तो तापतो म्हणून जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर आवळला. व्हॉल्व्हच्या जागी दुसरा रेझिस्टर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला वाटावं की आपण खऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहोत. आणि मधे तो गोल स्विच. डावीकडे फिरवला की एक ट्रान्सफॉर्मर लागायचा, उजवीकडे फिरवला की दुसरा, आत जाणारी आणि बाहेर येणारी दोन्ही टोकं एकदम बदलायची. जनरेटर तोच, रेझिस्टर तेच, वायरीसुद्धा दोन्हीकडे सारख्या लांबीच्या. बदलायचा तो फक्त ट्रान्सफॉर्मर.

पहिल्या दिवशी सगळं चुकीचं यायला लागलं. ज्याला जोडलंच नाही तोसुद्धा आवाज दाखवायचा. बराच वेळ डोकं चालेना. मग लक्षात आलं, दोघांना मी खेटून ठेवलंय, तोंडं एकाच दिशेला, एकाचं दुसऱ्याला लागतंय. एकाला लांब सरकवलं आणि आडवं फिरवलं तेव्हा शांत झालं. आई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं काय झालं. मी सांगितलं. म्हणाल्या, "माझ्या दोन्ही जावांना असंच आडवं बसवायला हवं होतं."

पडद्यावर वरची रेघ आत जाणाऱ्या सुराची, खालची बाहेर येणाऱ्या सुराची. जनरेटर अगदी खाली नेला, जिथे सूर कानाला नुसता धक्क्यासारखा लागतो, तिथे वाईट ट्रान्सफॉर्मरची लाट चेपते, डोक्यावर बसल्यासारखी. वर नेला, डासाच्या आवाजाच्याही वर, की वाईटाची लाट बुटकी होत जाते. चौकोनी लाट टाकली तर कोपऱ्याशी थरथर दिसते. हे सगळं पूर्वी मला नुसतं ऐकून, अंदाजाने माहीत होतं. आता डोळ्यांना दिसायला लागलं. मी माझेच जुने-नवे पीस लावून पाहिले, बाजारातले दोन लावून पाहिले. माझ्या पिसाची लाट शेवटपर्यंत उभी राहायची. दादा मागे उभे राहून म्हणाले, स्वीट अ‍ॅज. तिकडे सगळं ठीक असलं की असं म्हणतात. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मी जेवताना आईंना त्या लाटेबद्दल इतकं बोललो की त्या म्हणाल्या, आता ती लाट जरा बाजूला ठेव आणि आमटी घे.

थंडी सुरू झाली तेव्हा दादांनी एक पीस आणला. काळ्या डब्यात, वरून डांबर ओतून बंद. म्हणाले, एका ओळखीच्याने पाठवलाय, बाहेरचा आहे, आपल्याशी ताडून बघ. आमचाही एक पीस त्यांनी तशाच डब्यात घालून घेतला, बाहेरून काही कळू नये म्हणून.

मी लावला. खालचा सूर, वरचा सूर, चौकोनी लाट. स्विच डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. पडद्यावर काही हललंच नाही. दोघांची खालची रेघ अशी तंतोतंत एकाच जागी आली की स्विच बिघडलाय असं वाटून मी तो खोलून पाहिला. स्विच ठीक होता.

मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, मला त्या माणसाबद्दल माया वाटली. कुठेतरी कोणीतरी आहे, त्याचं तोंड मी पाहिलेलं नाही, भाषा मला येणार नाही, पण त्याचा हात माझ्यासारखा आहे. मी आईंना म्हणालो, त्याचेही उस्ताद चांगले असणार. आईंनी मान खाली घालून मटार निवडले.

मग दादा म्हणाले, पडद्याचं सोड, कानाने बघू. शनिवारी दुपारी त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर जोडला, आईंची भावगीतांची तबकडी लावली. मला वॉशिंग मशीनकडे तोंड करून बसवलं. स्विच आईंच्या हातात. त्यांनी हवा तसा फिरवायचा आणि मी सांगायचं, माझा कुठला.

पहिल्यांदा मी ऐकलं आणि लगेच म्हणालो, हा माझा. बाईंच्या आवाजाला एक ऊब होती, तबल्याच्या बायाला खोली होती. मला शंकाच नव्हती.

मागून आई म्हणाल्या, "नाही रे. हा दुसरा."

परत केलं. परत परत केलं. कधी बरोबर यायचं, कधी चूक, म्हणजे नुसता अंदाज. शेवटी मी वळून बसलो. दादा हसत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते.

"म्हणजे फरक नाही म्हणायचं?" त्यांनी विचारलं.

"नाही, दादा," मी म्हणालो. "मला नाही कळत."

"तुलाच कळत नाही म्हटल्यावर कोणाला कळणार," ते म्हणाले, आणि तबकडी उचलून पाकिटात घातली.

त्यानंतर त्या काळ्या डब्यांचे आणखी पीस आले. दादा म्हणायचे, सगळे सारखेच आहेत का बघ. मी बघायचो. एकच खोटा निघाला, स्टॅम्पिंग सैल होतं, लावला की भणभणायचा. दादा ऑफिसला निघताना म्हणाले, तो टाकून दे. पण मला त्या माणसाचा हात बघायचा होता. इतकी साधी इच्छा. एखाद्याचं अक्षर बघावं तशी.

डांबर वितळवायला मी दादांचा बार्बेक्यू पेटवला. परसात काळा धूर झाला. आई बाहेर आल्या, नाकाला पदर लावून म्हणाल्या, "आता ह्यावर कणसं कोण भाजणार? मला तर नकोत." मी हसलो. डबा चिमट्याने उचलला, निथळू दिला, गार झाल्यावर एकेक पत्रा काढला आणि बॉबिन हातात घेऊन पायरीवर बसलो.

वरचा कागद काढला. बाहेरचे वेढे सोडवले. कागद. आतले वेढे. एका जागी दोन कागद लागले आणि माझा हात थबकला. मी दोन कागद घालतो तीच जागा. म्हटलं असेल, चांगले भरणारे तिथेच घालत असतील. पुढचा थर सोडवला, तो माझा. त्याच्या पुढचा, तोही माझा. तार अंगणात ढीग होऊन पडत गेली, आणि अगदी तळाशी, सुरुवातीच्या टोकाला, लाल दोरा होता. सुती नव्हता, नायलॉनचा होता, कड विस्तवाने चिकटवलेली. पण दुहेरी गाठ तीच.

आधी मला हसू आलं. कुठल्यातरी कारखान्यात बाया रांगेने बसल्या असतील आणि प्रत्येक पिसाला लाल दोरा बांधत असतील, कारण नमुन्यात होता म्हणून. त्याचा उपयोग काय हे तिथल्या इंजिनिअरने किती डोकं खाजवून शोधलं असेल. मग हसू गेलं. म्हणजे माझा एक पीस कोणीतरी असाच पायरीवर, नाहीतर टेबलावर, शेवटच्या थरापर्यंत सोडवला होता. आणि तो पीस या घरातून गेला होता.

आई दारातच उभ्या होत्या. मी म्हणालो, "आई, हा माझाच आहे. माझं बघून भरलाय."

ज्याला ठाऊक नसतं तो विचारतो, म्हणजे काय? कोणी? कसं? त्यांनी काही विचारलं नाही. माझ्या हाताकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हात धू. जेवायला बस."

मी बसलो. त्यांनी भाकरी वाढली, लोण्याचा गोळा वाढला, नेहमीपेक्षा मोठा.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"त्याने सांगितलं होतं, इतक्यात बोलू नकोस म्हणून. तू घाबरतोस ना."

"स्विच तुम्ही फिरवत होता, आई."

"फिरव म्हणाला, फिरवला," त्या म्हणाल्या, आणि उठून दुसरी भाकरी थापायला लागल्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती. दादांवर मला राग आला तो नंतर. आईंनी वाढलेली भाकरी मात्र मला त्याच क्षणी परकी लागली, आणि ती टाकून उठायचीही माझी हिंमत झाली नाही. पूर्ण खाल्ली. ताट धुतलं.

संध्याकाळी मी स्टेशनवर गेलो. ट्रेनमधून माणसं उतरली, आपापल्या गाड्यांकडे गेली. दादा मला बघून दचकले. आईला काही झालं का, हे पहिलं विचारलं. मी नाही म्हणालो आणि खिशातून दोरा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. हे काय, ते म्हणाले. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. त्यांनी माझा पीस पाठवला होता, पण उघडून पाहिला नव्हता. मी सांगितलं तेव्हा त्यांनी तो बोटांत फिरवून पाहिला. मग गाडीत बस म्हणाले, हीटर लावला, पण गाडी सुरू केली नाही.

त्यांनी बरंच समजावलं. मागणी वाढली होती. माझ्या एकट्याच्या हाताने पुरं पडणार नव्हतं, लोक वाट बघून दुसरीकडे जात होते. कारखाना चांगला होता, त्यांनी स्वतः शोधला होता. थरांचा क्रम त्यांनीच कळवला होता, पण तेवढ्यावर कारखान्याला जमेना म्हणून पीस पाठवावा लागला. आणि चांगला झाला की नाही हे कोण ठरवणार, तर मीच, म्हणून तो संच.

"मला विचारायचं होतं," मी म्हणालो.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"नाही, दादा. तुम्ही मागितलं असतं तर मीच सोडवून दाखवलं असतं. दोऱ्याची गरज नाही, एवढंही सांगितलं असतं."

ते समोरच्या काचेकडे बघत होते. काचेवर आमच्या श्वासाची वाफ धरली होती.

"तूच ऐकलंस ना रे?" ते म्हणाले. "तूच म्हणालास, फरक नाही. मी काही तुझ्या तोंडी घातलं नाही."

ते खरं बोलत होते. संच मी केला होता, वायरी सारख्या लांबीच्या मी कापल्या होत्या, वॉशिंग मशीनकडे तोंड करून मीच बसलो होतो. त्या संचाने माझ्याशी कसलीही लबाडी केली नाही. लबाडी एवढीच की मी कशासाठी ऐकतोय हे त्या गॅरेजमधल्या तिघांपैकी दोघांना माहीत होतं.

मी विचारलं, मग माझं काय? हे विचारताना माझा आवाज चिरकला, त्याची मला अजून लाज वाटते. मला भांडायचं होतं आणि तोंडातून मागणं निघालं.

"तुला घालवतोय कोण?" दादा म्हणाले. "येणारा प्रत्येक पीस तूच बघायचा. तुझ्याइतकं कोणाला कळतं? कागद मी देतो, परमिट वाढेल. बायको-मुलीला आण."

मी काय करायला हवं होतं? दार उघडून उतरायला हवं होतं, असं आता वाटतं. उतरून जायचं कुठे? मला त्या देशात बोळ नव्हता, भोसरी नव्हती. मी म्हणालो, "बरं, दादा." आणि वर, सवयीने, "थँक्यू" म्हणालो.

त्यांनी शब्द पाळला. परमिट वाढलं. मी फोन केला तेव्हा बायको रडली, मुलीने पलीकडे उड्या मारल्याचा आवाज मला ऐकू आला. माझं वाइंडिंगचं यंत्र पोरिरुआच्या एका माणसाने नेलं, त्याला गिटारच्या कॉइली भरायच्या होत्या. दादांनी त्या वेळी मला विचारलं, विकू का रे? मी म्हणालो, तुमचंच आहे. ते खरंच त्यांचं होतं. माणूस यंत्र उचलून नेत असताना मी दार धरून उभा राहिलो.

उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या डिसेंबरात, बायको आणि मुलगी आल्या. दादा आणि आई दोघेही विमानतळावर आले होते. बायको गर्दीतून बाहेर आली ती आधी माझ्याकडे आली नाही. ती आईंच्या पाया पडली, मग दादांच्या पडायला वाकली, त्यांनी मागे होऊन तिला अडवलं. ती म्हणाली, "तुमच्यामुळे झालं सगळं. तुमचे उपकार फेडणं काही आमच्याच्याने व्हायचं नाही." दादा म्हणाले, अहो, त्याच्या हाताचं चीज झालं. मी बॅगा गाडीत ठेवत होतो. ठेवलेली बॅग काढून परत नीट ठेवली.

आईंनी तिला जवळ घेतलं, मुलीच्या गालावरून हात फिरवला. घरी पुरणपोळ्या करून ठेवल्या होत्या. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. फोनवर सांगता आलं असतं. पण ती त्या माणसांच्या घरी राहायला येत होती, त्यांच्याच मिठावर, आणि मला वाटलं निदान तिचा घास तरी गोड लागू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन गॅरेजमध्ये आली. मी कामाला बसलो होतो. नवीन खोकी आली होती, काळे डबे रांगेने मांडलेले. दादा पलीकडच्या टेबलावर बसून गिऱ्हाइकांचे पत्ते खोक्यांवर चिकटवत होते. तिने पडद्यावरची हिरवी लाट पाहिली, स्विच पाहिला, हळदीचा डाग बघून म्हणाली हे तर आपल्या घरच्यासारखं आहे. मग एक डबा दोन्ही हातांनी उचलला. बापरे, केवढा जड, म्हणाली. भोसरीत ती माझ्या शेजारी बसून कागद कापायची. तिला काम कळत होतं.

"अहो, यातले तुम्ही भरलेले कुठले?" तिने विचारलं.

चिकटपट्टीचा आवाज थांबला.

"सगळेच," मी म्हणालो.

तिने समाधानाने डबा जागेवर ठेवला, मला चहा निवायच्या आत घ्यायला सांगितला आणि आत गेली. दादांनी मान वर केली नाही. थोड्या वेळाने चिकटपट्टी परत कापली गेली. मी पुढचा डबा उचलला, वायरी जोडल्या आणि स्विच डावीकडे फिरवला.